निर्लेखनाच्या आधी

सरकारी आणि महाविद्यालयीन व्यवहारात ‘निर्लेखन’ असा एक शब्द रूढ आहे. वापरातून बाद झालेली वस्तू जडवस्तूसंग्रह नोंदवहीतून कमी करणे म्हणजे निर्लेखन. त्यासाठी समिती नेमली जाते, यादी होते, प्रत्येक वस्तूपुढे ‘दुरुस्तीयोग्य नाही’ असा शेरा पडतो, दरपत्रके मागवली जातात आणि एके दिवशी टेम्पो येऊन सामान घेऊन जातो. मोडकी बाके, गंजलेली कपाटे आणि जुने संगणक एकाच यादीत असतात. शब्दाची फोड केली तर त्याचा अर्थ होतो ‘लिहिलेले काढून टाकणे’. बाकाच्या बाबतीत हे लिहिलेले म्हणजे नोंदवहीतील एक ओळ. संगणकाच्या बाबतीत मात्र हा शब्द अक्षरशः खरा ठरतो, कारण नोंदवहीतल्या ओळीबरोबर त्या यंत्राच्या पोटात जे काही लिहिलेले असेल तेही जाते, आणि ते काय होते हे कोणी पाहिलेले नसते.

मराठीच्या प्राध्यापकाला या समितीवर सहसा बोलावले जात नाही. बोलावले तरी तो सही करून मोकळा होतो, कारण हा विषय संगणकशास्त्र विभागाचा आहे अशी आपली समजूत असते. या समजुतीला माझा विरोध आहे. १९९० ते २००५ या सुमारास महाविद्यालयांत, विद्यापीठीय विभागांत, छापखान्यांत आणि नियतकालिकांच्या कचेऱ्यांत वापरले गेलेले संगणक ही मराठी वाङ्मयेतिहासाची साधने आहेत. त्यांचे मूल्यमापन करण्याचे काम तंत्रज्ञाचे आहे तेवढेच ते पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाचेही आहे.

यासाठी थोडा इतिहास ध्यानात घ्यावा लागेल. पुण्यात १९८८ साली सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली. तिने घडवलेला ‘परम ८०००’ हा १९९१ सालचा महासंगणक सर्वांच्या लक्षात राहिला आणि त्याचे कौतुकही यथायोग्य झाले. परंतु भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट होती ती त्याच संस्थेचे ‘जिस्ट’ कार्ड. या तंत्राचा उगम कानपूरच्या आयआयटीतला. डॉसवर चालणाऱ्या साध्या संगणकाच्या आतील एका खाचेत हे कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटू लागे. इंग्रजीसाठी तयार झालेल्या वर्डस्टारमध्येही मराठी टंकता येई. त्यामागे ‘इस्की’ ही संकेतप्रणाली होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली तिला मानकाचा दर्जा दिला. तिची दृष्टी मोठी शहाणपणाची होती. अक्षराचे दृश्य रूप न नोंदवता वर्ण नोंदवायचा, आणि तोही उच्चाराच्या क्रमाने, असे तिचे सूत्र होते. म्हणून ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसली तरी नोंद आधी ‘क’ची आणि मग ऱ्हस्व इकाराची होई.

पुढे विंडोज आले, पेजमेकर आले आणि अक्षरजुळणीचा सगळा व्यवसाय संगणकाकडे वळला. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचेच आयएसएम अशा प्रणाली घराघरांतल्या डीटीपी केंद्रांत पोहोचल्या. येथे मात्र इस्कीचे सूत्र मागे पडले. एका फॉन्टमध्ये फार तर २५६ जागा, आणि देवनागरीची जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा, रफार यांना त्या पुरत नसत. प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयीने अक्षरांचे तुकडे त्या जागांवर बसवले. एका फॉन्टमध्ये जेथे ‘त’ तेथे दुसऱ्यात अर्धा ‘ष’. त्यामुळे त्या काळातील फाइल योग्य फॉन्टवाचून उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरे, टिंबे आणि चिन्हे यांचा खच दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० पासून ती सामान्य संगणकावरही येऊ शकत होती. पण पेजमेकरची २००१ साली निघालेली शेवटची आवृत्तीही युनिकोड देवनागरीला तयार नव्हती. म्हणून प्रकाशनव्यवसायात फॉन्टांचे हे वेगवेगळे सुभे पुढेही बराच काळ टिकले.

या सुमारे पंधरा वर्षांत मराठीत काय काय लिहिले गेले याचा विचार करा. दिवाळी अंक, लघुनियतकालिके, साहित्यसंमेलनांच्या स्मरणिका, विभागीय चर्चासत्रांतील निबंध, एम.फिल. आणि पीएच.डी.चे प्रबंध. यांपैकी पुष्कळसे छापून निघाले आणि कागदावर उरले. पण प्रबंधात न आलेली बोलीतील शब्दांची यादी, क्षेत्रकार्यात टिपलेल्या ओव्यांचे पहिले लेखन, संपादकाने कात्री लावण्यापूर्वीची कथा, नाकारला गेलेला लेख, लेखक-संपादकांची पत्रे, एवढेच नव्हे तर कोणाच्या सूचनेवरून कोणता परिच्छेद गळाला त्याचा मागमूस हे कागदावर नाही. हस्तलिखितांच्या काळात खोडाखोड दिसे. टंकलिखितातही शाईच्या दुरुस्त्या असत. संगणकाने पानावरची खोडाखोड नाहीशी केली आणि ती यंत्राच्या पोटात ढकलली. तेथे ती काही काळ तरी राहते. डॉसवरील फाइल ‘डिलीट’ केली तरी तिचा मजकूर लगेच पुसला जात नाही. सूचीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून ‘ही जागा आता मोकळी आहे’ एवढी खूण होते. नवा मजकूर त्या जागेवर येईपर्यंत जुना तेथेच पडून असतो. वर्डस्टारसारख्या प्रणाली तर आधीच्या पाठाची ‘बॅक’ प्रत आपणहून ठेवत. पाठभेद शोधणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

यावर कोणी म्हणेल की, फाइली काढून घ्या, युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि यंत्र भंगारात द्या. बहुतेक प्रसंगी हे पुरेसे असते हे मान्य. पण रूपांतर म्हणजे पुनर्लेखन आहे आणि प्रत्येक लेखनिक चुका करतो, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मराठीला विशेष असलेला र-काराचा वळणदार डोळा घ्या. रूपांतरात ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ आणि ‘करणाऱ्या’चे ‘करणार्या’ झालेले आपण शेकडो ठिकाणी वाचले आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून निभावून नेले जाई. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वापरले होते की हिंदी वळणाचे, हे तर रूपांतरात कळतच नाही, कारण दोन्हींचा संकेत एकच. शुद्धलेखनाचा किंवा अक्षररूपांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला उद्या प्रश्न पडेल की, ही चूक लेखकाची, जुळारीची की रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीची? त्याचा निवाडा करायचा तर मूळ फाइल हवी, मूळ फॉन्ट हवा आणि तो पडद्यावर जसा दिसे तसा दाखवणारी यंत्रणा हवी.

येथे हस्तलिखित आणि संगणक यांच्यातील खरा फरक समोर येतो. मोडी लिपीतील कागद माळ्यावर दोनशे वर्षे पडून राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. वाळवी आणि पाऊस यांपासून तो वाचला तर मोडी शिकलेला कोणीही तो उद्या वाचील; मोडी वाचणारी माणसे कमी झाली असली तरी ती नव्याने तयार करता येतात. फ्लॉपीचे तसे नाही. तिचा पहिला वाचक हे यंत्र आहे; माणूस त्याच्या मागे उभा राहून वाचतो. मधला वाचक मेला तर मजकूर शाबूत असूनही अबोल होतो. आपण जुना संगणक जपतो तेव्हा एक वस्तू जपत नसून एका विशिष्ट बोलीचा शेवटचा जाणकार जपत असतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

इंग्लंडमधील ‘डोम्सडे’ प्रकल्पाची कथा या संदर्भात वारंवार सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगी आहे. १०८६ साली तेथे देशाची पाहणी करून ‘डोम्सडे बुक’ लिहिले गेले. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवी पाहणी केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी तीत भाग घेतला आणि सर्व सामग्री बीबीसीच्याच संगणकाला जोडून पाहावयाच्या लेझर तबकड्यांवर साठवली गेली. अवघ्या सोळा वर्षांत, म्हणजे २००२ पर्यंत, त्या तबकड्या वाचू शकणारी चालू यंत्रे शोधावी लागू लागली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतील अभ्यासकांनी जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकावर उभी केली तेव्हा ती सामग्री पुन्हा बोलती झाली. या तंत्राला एम्युलेशन म्हणतात. चर्मपत्रावरचे मूळ पुस्तक मात्र तेव्हाही वाचता येत होते आणि आजही येते.

साहित्याच्या क्षेत्रातला दाखला हवा असेल तर तो मुंबईत जन्मलेल्या एका लेखकाचाच आहे. सलमान रश्दी यांची कागदपत्रे अमेरिकेतील अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने २००६ साली घेतली. त्यांत वह्या आणि पत्रे होती, तसे त्यांचे वापरलेले संगणकही होते. विद्यापीठाने त्यांतील फाइली काढून घेतल्या, आणि एका मॅकिंटॉशच्या बाबतीत त्याचे सगळे वातावरणच एम्युलेशनने उभे केले. २०१० पासून संशोधकाला तेथे बसून लेखकाच्या पडद्यावर कोणत्या नावाची घडी कोठे होती, कोणती फाइल कोणत्या फाइलीशेजारी ठेवलेली होती हे पाहता येऊ लागले. वहीचे पान उलटताना मिळणारा संदर्भ तेथे पडद्याच्या मांडणीतून मिळतो. मॅथ्यू किर्शेनबाम यांचे ‘ट्रॅक चेंजेस’ हे २०१६ सालचे पुस्तक तर शब्दप्रक्रियेचा वाङ्मयीन इतिहास म्हणूनच लिहिलेले आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर त्याची पेटी, चष्मा, लेखणी आणि खुर्ची स्मारकात मांडली जाते. संगणक मात्र फॉरमॅट करून भाच्याला दिला जातो.

वास्तविक या विचाराची परंपरा आपल्याकडे आहे. अ. का. प्रियोळकरांनी ‘दमयंतीस्वयंवरा’चे चिकित्सक संपादन केले आणि त्यांनीच भारतातील मुद्रणाचा इतिहास लिहिला, तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. एकाच अभ्यासकाने ही दोन्ही कामे केली हा योगायोग नव्हे. पाठ आणि तो वाहून आणणारे साधन यांचा अभ्यास एकमेकांवाचून पुरा होत नाही, ही जाण त्यामागे आहे. त्यांच्याच गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. छापलेलेही नाहीसे होते, हा त्यातला धडा. त्याहून जवळचा धडा खिळ्यांचा. ऑफसेट आणि डीटीपी आल्यावर गावोगावच्या छापखान्यांतील शिशाचे खिळे वजनावर विकले गेले आणि वितळवले गेले. कोणत्या छापखान्याचे कोणते वळण होते हे आता छापील पानांवरून ताडावे लागते. त्या खिळ्यांच्या जागी आलेल्या यंत्रांचे आज तेच होत आहे.

मग जुन्या संगणकांची किंमत ठरवायची कशी? संग्राहकांच्या बाजाराची फूटपट्टी येथे उपयोगाची नाही. २०१४ साली एक ॲपल-१ संगणक लिलावात ९,०५,००० डॉलरना विकला गेला. बाजार निर्मात्याचे नाव, दुर्मिळता आणि मूळ अवस्था पाहतो. आपल्याकडची बहुसंख्य यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा जिल्ह्याच्या गावातील दुकानातून सुटे भाग आणून जोडलेली, म्हणजे ‘असेंबल्ड’. त्यांना नाव नाही, जात नाही. कोणताही संग्राहक त्यांकडे ढुंकून पाहणार नाही. पण अशाच एखाद्या ४८६वर एखाद्या नियतकालिकाची दहा वर्षे साठलेली असू शकतात. म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकाने चार प्रश्न विचारावेत. पहिला, यात मजकूर कोणता आहे आणि तो अन्यत्र आहे का? दुसरा, जे इतरत्र दिसत नाही ते हे यंत्र दाखवू शकते का? त्यात जिस्ट कार्ड आहे का, एखादा आता न मिळणारा फॉन्ट आहे का, सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक सोबत आहे का? अंगठ्याएवढे ते खोके हरवले तर बाकी सगळे असूनही प्रणाली उघडत नाही. तिसरा, हे कोणी, कोठे, केव्हापासून केव्हापर्यंत वापरले? चौथा, ते कोणत्या अवस्थेत आहे? अवस्थेचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे. समित्या नेमका तोच पहिला आणि एकमेव विचारतात. बंद पडलेले यंत्र निरुपयोगी, हा न्याय आपण फाटक्या पोथीला लावत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्रात सापडत नाही; ते माणसांत असते. डीटीपी करणारी ताई, कार्यालयातील निवृत्त लिपिक, अंकाचा तेव्हाचा कार्यकारी संपादक यांना विचारून दोन पाने लिहून ठेवली तरी यंत्राची किंमत बदलते. कळफलकही सोबत ठेवावा. त्यावर चिकटवलेली देवनागरी अक्षरे इन्स्क्रिप्टची आहेत की टंकलेखन यंत्राच्या क्रमाची, यावरून टंकणारा कोणत्या वळणात तयार झाला होता ते कळते.

हाताळणीचे काही नियम साधे आहेत, पण ते न पाळल्याने अपरिमित हानी होते. कुतूहलापोटी यंत्र चालू करून पाहू नये. जुन्या वीजपुरवठ्यातील घटक फुटतात ही एक गोष्ट. आणि विंडोज सुरू होतानाच डिस्कवर स्वतःचे काही ना काही लिहिते ही दुसरी. ज्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत जुना पाठ पडून असतो तीच जागा त्यात जाऊ शकते. आधी डिस्क बाहेर काढावी, तिच्यावर काही लिहिले जाणार नाही अशा जोडणीने तिची बिट न् बिट नक्कल करून घ्यावी, आणि पुढचे सगळे वाचन त्या नकलेवर करावे. २८६, ३८६च्या काळातील बोर्डांवर पुनर्भारित होणारी बॅटरी डाखलेली असते. ती झिरपून तांब्याच्या रेषा खाऊन टाकते, म्हणून ती सर्वांत आधी काढावी. कोकणासारख्या दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर चकती आणि वाचनमुख दोन्ही जातात.

आणखी एक सावधगिरी खास संशोधकांसाठी. घड्याळाची बॅटरी संपलेला संगणक तारीख विचारली असता बहुधा १ जानेवारी १९८० असे सांगतो, कारण डॉसची कालगणना तेथूनच सुरू होते. फाइलीवर ती तारीख असेल तर तो लेखनकाल नव्हे, यंत्राची विस्मृती होय. पोथीच्या पुष्पिकेतील शक आणि संवत्सर यांचा मेळ बसत नसेल तर आपण थांबतो. येथेही तसेच थांबायला हवे.

आता आक्षेपांकडे वळू. जागा नाही, पैसा नाही, माणूस नाही, हे तीनही खरे आहेत. म्हणूनच सगळे जपा असे मी म्हणत नाही. सगळे जपण्याचा हट्ट म्हणजे काहीच न जपण्याची पूर्वतयारी. दहापैकी सात यंत्रे तपासून निःशंकपणे निकालात काढावीत. दोघांच्या डिस्कची नक्कल ठेवून सांगाडा द्यावा. एखादेच यंत्र मूळ रूपात ठेवण्याच्या योग्यतेचे निघेल. हे आकडे कोठल्या पाहणीतले नाहीत. प्रमाणाची कल्पना यावी म्हणून दिले आहेत. नकलेला लागणारी जागा तर हास्यास्पद आहे. नव्वदच्या दशकातील कितीतरी डिस्क आजच्या एका पेन ड्राइव्हमध्ये सुखाने मावतात.

ई-कचऱ्याचा कायदा आड येतो असेही म्हटले जाते. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांनुसार मोठ्या संस्थांनी ई-कचरा नोंदणीकृत व्यवस्थेकडेच द्यायचा आहे, आणि ते योग्यच आहे. शिसे आणि पारा असलेले सामान फुंकणीवर जाळणाऱ्या मुलांच्या हाती पडू नये. पण जे जपायचे ते कचरा म्हणून नोंदवूच नये. जडवस्तूसंग्रहातून काढून ते ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत घ्यावे. बदल एका नोंदीचा आहे, परंतु त्या नोंदीने वस्तू ‘सामाना’तून ‘साधना’त येते.

सर्वांत गंभीर आक्षेप खासगीपणाचा आहे. या डिस्कांवर प्रश्नपत्रिका असतात, विद्यार्थ्यांचे गुण असतात, सहकाऱ्यांविषयी लिहिलेले गोपनीय अहवाल असतात, कधी एखाद्याचे अत्यंत घरगुती पत्र असते. लेखकाने पुसलेला मजकूर वर काढण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. माझ्या मते, जतन करणे आणि खुले करणे या दोन वेगळ्या कृती आहेत. नक्कल करून ती मोहोरबंद ठेवता येते. हयात व्यक्तींची किंवा वारसांची संमती मिळेपर्यंत ती कोणालाही दाखवू नये. विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक नोंदी वेगळ्या काढून नष्ट कराव्यात. मात्र खासगीपणाच्या नावाखाली डिस्क न तपासता भंगारात देणे हा तर सर्वांत असुरक्षित मार्ग आहे, कारण ती पुढे कोणाच्या हाती जाईल यावर आपले काहीच नियंत्रण उरत नाही.

मराठी विभागांना यातून करता येण्याजोगे काम फार मोठे नाही. निर्लेखन समितीवर मराठीचा एक प्राध्यापक असावा. एम.ए.च्या पाठचिकित्सेच्या अभ्यासपत्रिकेत एक प्रात्यक्षिक डिस्कच्या नकलेवर आणि दोन फॉन्टांतील एकाच मजकुरावर व्हावे. विद्यार्थ्यांना वंशवृक्षाची कल्पना चार व्याख्यानांपेक्षा त्यातून लवकर कळेल. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जिल्ह्यातील महाविद्यालयांसाठी एक चालू स्थितीतील जुने यंत्र, दोन्ही आकारांच्या फ्लॉपींचे ड्राइव्ह आणि त्या काळच्या फॉन्टांचा संग्रह एका खोलीत ठेवावा. संगणकशास्त्राचे सहकारी यात आनंदाने मदत करतील; त्यांना केवळ कोणी विचारायला हवे.

राजवाडे गावोगाव हिंडले तेव्हा ज्यांच्या घरी दप्तरे होती त्यांतल्या अनेकांच्या लेखी ती रद्दीच होती. ते पोहोचण्याआधी जे वाण्याकडे पुड्या बांधायला गेले त्याची यादीही आपल्याजवळ नाही. आपल्या वेळी ही दप्तरे महाविद्यालयाच्याच जिन्याखाली, तुटलेल्या बाकांच्या मागे आहेत. पुढच्या निर्लेखनाची यादी सहीसाठी फिरेल तेव्हा सही करण्याआधी त्या जिन्याखाली एकदा जाऊन यावे.